वेल्समधील जुन्या लोकरी गिरण्या आज कशावर चालतात? (काथ्याच्या कारखान्यासाठी विचारतो आहे)

काथ्यावाला, वेंगुर्ले:

नमस्कार मंडळी. आमचा काथ्याचा कारखाना वडिलांनी उभा केला. सोडण (नारळाची साल) कुटायचे, काथ्या काढायचा, मोटारीच्या रहाटांवर सुंभ (काथ्याची दोरी) वळायचे आणि हातमागांवर पायपुसणी व चटया विणायच्या, हे सारे एकाच छपराखाली चालते. आता प्लास्टिकच्या पाठीचे, यंत्रावर बनलेले केरळचे पायपुसणे कुडाळच्या बाजारात ज्या भावाला मिळते, त्या भावात आमचे सुंभसुद्धा निघत नाही. धाकट्या भावाचे म्हणणे असे की माग मोडीत काढावेत, शेड भाड्याने द्यावी आणि केरळातल्या आलप्पुळाहून माल आणून विकावा.

मध्यंतरी वेल्समधल्या लोकरी गिरण्यांविषयी वाचनात आले आणि आमच्या घरचीच गोष्ट वाचल्यासारखे वाटले. आजोबांच्या काळचे माग, भरपूर पाऊस, स्वस्त मालाशी स्पर्धा आणि सुटीच्या दिवसांत येणारे पर्यटक, असे सगळे जुळते. तरीही त्यांतल्या काही गिरण्या आजही चालू आहेत. त्यांचा पैसा नेमका कुठून येतो? त्या सूत स्वतः कातात का? आणि गिरणी लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवण्यात खरोखर कमाई आहे, की कामाचा खोळंबाच जास्त? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मागावरचा माणूस (मूळ राजापूर, मुक्काम इचलकरंजी):

प्रश्न चांगला आहे, पण आधी हे ध्यानात घ्यावे की त्या गिरण्यांपैकी बहुतेक बंदच पडल्या. पश्चिम वेल्समधल्या तैवी नदीच्या खोऱ्यात ड्रेव्हाच वेलिंद्रे नावाचे गाव आहे. तिथल्या गिरण्या दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींतील कामगारांसाठी फ्लॅनेल हे मऊ लोकरी कापड विणत आणि पहिल्या महायुद्धात सैन्याच्या मागणीमुळे त्यांची चंगळ झाली. युद्ध संपल्यावर ती मागणी आटली, भाव कोसळले, पुढे खाणींनाही उतरती कळा लागली आणि एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेली गिरणी त्या गिऱ्हाइकाबरोबरच बुडाली. त्याच गावातल्या केंब्रियन गिरणीत 1976 पासून लोकर उद्योगाचे संग्रहालय आहे.

ज्या तगल्या त्यांनी माल बदलला. खाणकामगारांच्या शर्टाऐवजी त्या पलंगपोस आणि कांबळी विणू लागल्या, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोटारीने फिरायला येणाऱ्या कुटुंबांनी ती उचलली. त्यातले दुहेरी विणीचे कापड मुद्दाम समजून घ्यावे. मागावर दोन पदर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या रेषेवर ते एकमेकांची जागा घेतात. त्यामुळे एका बाजूला निळ्यावर पांढरी नक्षी असेल तर उलट बाजूला पांढऱ्यावर निळी दिसते. सूत अर्थातच जास्त लागते, कापड जड होते आणि वेगही मिळत नाही. डॉबक्रॉस नावाचा जुना यंत्रमाग मिनिटाला शंभराच्या आसपास धोटे टाकतो (म्हणजे तेवढे आडवे धागे भरतो), तर आमच्याकडचे नवे, धोट्याविना चालणारे रॅपिअर माग त्याच्या कितीतरी पट पळतात. पण अनेक रंगांचे धोटे आणि थोड्या थोड्या मीटरला बदलणारी नक्षी हवी असेल, तर तो जुना माग अजूनही कामाचा आहे. लांबच लांब एकसारखे कापड विणण्याच्या शर्यतीत तो कधी उतरलाच नाही.

कताईविषयी सांगायचे तर उत्तर वेल्समधल्या ट्रेफ्रिवच्या गिरणीसारख्या ठिकाणी लोकर पिंजण्यापासून विणण्यापर्यंत सर्व कामे दीर्घकाळ एकत्र होत असत. 1859 पासून ती एकाच कुटुंबाकडे आहे आणि ओढ्याच्या पाण्यावर स्वतःची वीजही तिने केली. आज मात्र अनेक गिरण्या तयार सूत विकत घेतात. डोंगरातल्या वेल्श मेंढीची लोकर राठ असते. ती गालिच्याला चालते, अंगाला टोचते. मेंढपाळाला तर लोकरीच्या भावात कित्येकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. म्हणजे खिडकीबाहेर मेंढ्या चरत असतात आणि सूत दुसऱ्या मुलखातून येते! तुम्हीही सोडण कुटण्याचा हट्ट सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कामात धूळ, वीज आणि मजुरी भरपूर जाते आणि शेवटी किलोवर विकला जाणारा कच्चा मालच हाती उरतो.

दर्यावर्दी (गुहागर):

मी गॅसवाहू जहाजावर आहे आणि आमचे जहाज पेम्ब्रोकशायरमधल्या मिल्फर्ड हेवन बंदराला लागते. एकदा किनाऱ्यावर उतरण्याची परवानगी मिळाली, तेव्हा सोल्वाची गिरणी पाहिली, म्हणून थोडे लिहितो.

अरुंद रस्त्याच्या टोकाला ओढ्याकाठी दगडी इमारत, तिला लागून दुरुस्त केलेली पाणचक्की, आत माग, आणि शेजारी दुकान व चहाची खोली, असा तो पसारा आहे. माग चालू असताना शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते. मी उभा होतो तेव्हा ताण्याचा (उभा) एक धागा तुटला. विणकराने माग थांबवला, टोक शोधून गाठ मारली, गाठीवरून बोट फिरवून पाहिले आणि मगच दांडा ओढला. आम्ही सगळे गप्प उभे राहून ते पाहत होतो आणि त्यानंतर दुकानात कोणी भावाची घासाघीस केली नाही.

या गिरणीने सपाट विणीचे गालिचे धरले आहेत, विशेषतः जिन्यावर अंथरायच्या लांब पट्ट्या. गिऱ्हाईक जिन्याची रुंदी आणि पायऱ्यांचे माप कळवते, रंग निवडते आणि मग माल विणला जातो. तयार मालाचे ढीग गोदामात पडून राहत नाहीत. काथ्याच्या चटईला हे तंतोतंत लागू पडते, असे मला वाटते. आपल्याकडे हॉटेले, होमस्टे, देवळांचे सभामंडप, मुंबईकरांनी गावी बांधलेली घरे एवढी आहेत, पण मापाची चटई करून देणारा कोणी सापडत नाही.

कामाच्या खोळंब्याची भीती बाळगू नका. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे पत्ते रंगवणारे कारागीर लोकांसमोरच बसतात, तिथे कुणाचे काम अडत नाही. फक्त कुटाईच्या यंत्राजवळ पोराटोरांना जाऊ देऊ नका.

हिशेबनीस (चिपळूण):

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तथापि पर्यटकांवर इतका भरवसा ठेवू नये, असे मी म्हणेन. पेम्ब्रोकशायरचा किनारा 1952 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे येणारे लोक किनाऱ्याच्या पायवाटेने चालत दिवसचे दिवस राहतात. आपला पर्यटक मालवण-तारकर्ली करून, मासे खाऊन रविवारी रात्री परततो आणि जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. पाहुण्यांची विक्री वरकड समजावी, पगार तिच्यावर काढू नये.

खुद्द वेल्समध्ये याहून जुना धडा आहे. न्यूटाउन गावच्या प्राइस प्राइस-जोन्स या कापड दुकानदाराने 1861 च्या सुमारास स्थानिक फ्लॅनेल टपालाने व रेल्वेने घरपोच विकायला सुरुवात केली. छापील यादी पाहून लोक मागणी नोंदवत. व्हिक्टोरिया राणी त्याची गिऱ्हाईक होती. त्याने गिऱ्हाइकाला गावात बोलावले नाही, गावच्या मालाचे नाव गिऱ्हाइकाच्या घरी पोचवले. नाव जपण्याचा कडेलोट पाहायचा तर स्कॉटलंडकडे पाहावे: हॅरिस ट्वीड या लोकरी कापडासाठी 1993 चा स्वतंत्र कायदा आहे आणि बाह्य हेब्रिडीज बेटांवरच्या रहिवाशांनी आपल्या घरी विणलेल्या कापडालाच ते नाव लावता येते. असा कायदा वेल्श कापडाला नाही, म्हणून तिथे प्रत्येक गिरणीला स्वतःचेच नाव राखावे लागते. तुमच्या भावाने आलप्पुळाचा माल आणून विकला तर तुमच्या नावाला उरतेच काय?

आता वारशाचा मुद्दा, जो तुम्ही विचारला नाहीत पण भावाच्या म्हणण्यात तो आहेच. पेम्ब्रोकशायरमधल्याच ट्रेग्विंटची गिरणी 1912 पासून एकाच कुटुंबाकडे होती. 2022 मध्ये मालकांनी ती बाहेरच्याला न विकता कामगारांच्या विश्वस्त निधीकडे सोपवली. तिथे 2014 पासून अशा हस्तांतरणाला करसवलत आहे. आपल्याकडे त्याच्या जवळची वाट म्हणजे सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी, आणि दोन्हींत भांडणे होतात हे मी पोटापाण्यासाठीच पाहतो. म्हणून आधी साधे काम करा. कुटाई, सुंभ आणि विणकाम यांचे तीन वेगळे हिशेब मांडा, वडिलांच्या शेडचे भाडे आणि तुम्हा दोघा भावांचा पगार त्यात धरा. तोटा कोणत्या खात्यात आहे ते कळल्याशिवाय माग विकू नका.

काथ्यावाला, वेंगुर्ले:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भावाला हा सगळा धागा वाचायला दिला. कुटाई बंद करून काथ्या विकत घेण्यास तो तयार आहे, मागांबाबत अजून घोडे अडलेले आहे. राजापूरच्या दादांना एक विचारतो: मापाची चटई करायची तर पावसाळ्यात विणलेली पट्टी उन्हाळ्यात आखडून रुंदीला कमी भरते. याला उपाय काय?

मागावरचा माणूस (मूळ राजापूर, मुक्काम इचलकरंजी):

सुंभ विणण्याआधी बंद खोलीत पंख्याखाली वाळवून घ्यावे आणि पट्टी मागावरून उतरल्यावर लगेच कापू नये. काही दिवस सैल पसरून ठेवावी, तिला जे आखडायचे आहे ते आखडू द्यावे आणि मगच माप घेऊन कडा शिवाव्यात. किती आखडते हे तुमच्याच सुंभाचा हातभर तुकडा विणून, वाळवून मोजावे आणि फणीत (ताण्याचे धागे अंतरावर ठेवणाऱ्या मागाच्या भागात) तेवढी जास्त रुंदी धरावी. मागाची फणी किती इंची आहे ते कळवा, म्हणजे जिन्याच्या पट्टीपासून सुरुवात करावी की सभामंडपाच्या चटईपासून, ते सांगता येईल.