अग्निशामक भरती : १९ फुटांवरच्या उडीची भीती कशी घालवायची?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

धाकटा भाऊ यंदा बारावी झाला आणि अग्निशामकच व्हायचं म्हणून हटून बसलाय. मुंबई अग्निशमन दलाच्या मागच्या मोठ्या भरतीत ८०० मीटर धावणं, ५० किलोचा मानवी पुतळा खांद्यावर घेऊन पळणं, शिडी चढणं आणि १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये (खाली ताणून धरलेलं जाड कापड) उडी, असं सगळं होतं. धावण्यात तो पक्का आहे, गावच्या टेकडीवर रोज पळतो. पुतळ्याची सवय तो सिमेंटच्या गोणीवर करतोय (आई रोज ओरडते, कंबर मोडून घेशील म्हणून!).

अडतंय ते उडीपाशी. विहिरीत बिनधास्त सूर मारणारा हा पोरगा कोरड्यात उडी म्हटलं की गार पडतो. शीटवर पाठीवर पडायचं की बसल्यासारखं? हात कुठे ठेवायचे? घरी गादीवर सराव करू नको म्हणून मी त्याला बजावलंय.

दुसरं, सांताक्रूझच्या विद्यानगरीतल्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स आधी करावा का? नगरपालिकांच्या भरतीत तो मागतात. खासगी क्लासवाले 'आमचंही सर्टिफिकेट चालतं' म्हणतात, पण मला शंका आहे.

दलात असलेल्या दादा-ताईंनी जरूर सांगा.