काळ्या रानातील जुना डिटेक्टर
पुरलेली नाणी शोधणारा जुना मेटल डिटेक्टर काळ्या रानात सतत वाजतो, यावर त्याची संवेदनशीलता वाढवा, असा सल्ला दिला जातो, तो मला उलट वाटतो. बेसाल्टपासून बनलेल्या मराठवाड्याच्या मातीतील लोहखनिजांचा संकेत जुन्या यंत्राला नाण्यापासून नीट वेगळा काढता येत नाही, म्हणून संवेदनशीलता उतरवून, तबकडीची (जमिनीवरून फिरवायच्या शोधक चकतीची) उंची एकसारखी ठेवून, मातीचा समतोल (मातीचाच संकेत वगळण्याची जुळणी) हाताने पुन्हा पुन्हा जुळवावा. लोखंड गाळण्याची मर्यादाही (लोखंडाचे संकेत वगळण्याची पातळी) फार वर नेऊ नये. नेल्यास निजामाचा चांदीचा रुपया तरीही वाजेल, पण सातवाहनांची शिशाची व पोटीनची (तांबे, शिसे, कथील यांच्या मिश्रधातूची) नाणी हुकतील.

पैठण, तेर, भोकरदनच्या पांढरीत (प्राचीन वस्तीच्या टेकाडांत) मात्र यंत्र नेऊच नये, ही कळकळीची विनंती, कारण उपसलेले नाणे आपल्या थराचा काळ सांगू शकत नाही. अन्यत्रही १० रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते.