सात माणसं, मुलुंड आणि चिपळूण : डिझेल घ्यावी का हायब्रिड?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आम्ही कायमचे मुंबईला परत येतोय, मुलुंड पूर्वेला आई-बाबांकडेच राहणार. अमेरिकेत, न्यू जर्सीच्या एडिसनला चौदा वर्षं काढली, त्यातली नऊ होंडा पायलटमध्ये, एक लाख मैल झाल्यावर टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलून घेतला, बाकी टायर, ब्रेक पॅड, बॅटरी एवढंच, त्या गाडीने आम्हाला कधी रस्त्यात उभं केलं नाही. त्यामुळे तिथेही तशीच भरवशाची गाडी हवी हे डोक्यात पक्कं बसलंय.

माणसं सात: आई-बाबा, आत्या, आम्ही दोघं आणि दोन मुलं. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, बाबांना मागे बसलं की मळमळतं. रोजचं म्हणजे मुलांची शाळा आणि ह्यांचं पवईचं ऑफिस, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. वर्षातून दोन-तीनदा चिपळूणजवळ गावी, गणपतीला तर नक्कीच.

ह्यांना डिझेलच हवंय. यादीत सध्या एक्सयूव्ही७००, सफारी, स्कॉर्पिओ-एन आणि इनोव्हा हायक्रॉस. व्हिडिओ बघावेत तर सगळे सनरूफ आणि स्क्रीनबद्दल बोलतात, पाच वर्षांनी गॅरेजमध्ये काय होतं ते कोणी सांगत नाही. ज्यांनी मुंबईत खरंच वापरल्यात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

— एडिसनहून

* * *

अगं, तू मुलुंडला येतेयस हे वाचूनच इतकं बरं वाटलं! तुझ्या लेकीला तिकडे मराठी मंडळाच्या शाळेत मी बाराखडी शिकवलीय, आता ती माझ्या शेजारच्या गल्लीत राहणार.

गाड्या चारही चांगल्या. एक्सयूव्ही७०० ला २०२१ मध्ये आणि नव्या सफारीला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार मिळाले, दोन्ही हायवेला दगडासारख्या स्थिर. पण तू रोजचे वीस किलोमीटर लिहिलेस ना, माझ्या मते सगळा निर्णय तिथे आहे. मुलुंड-पवईचं रखडणं आणि नवीन डिझेल, या दोन गोष्टी एकत्र घेऊ नकोस. हे मी स्वतः भोगलंय म्हणून पोटतिडकीने सांगतोय.

मी २०१८ ला परत आलो आणि २०२० च्या डिसेंबरात डिझेल एसयूव्ही घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष गाडीचा नव्हताच, वापराचा होता. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो काजळी अडवतो. काजळी साचली की ती तिथल्या तिथे जाळावी लागते, त्याला सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं, ते आणायला इंजिन जरा जास्तीचं डिझेल सोडतं आणि पंधरा-वीस मिनिटं गाडी सलग साठच्या पुढे पळावी लागते. आता सोनापूरच्या सिग्नलपासून गांधीनगरपर्यंत सलग साठने गाडी जाते का सांग. जाळणं अर्धवट होतं, आपण ऑफिसला पोचून गाडी बंद करतो, संध्याकाळी परत तेच, आणि ते न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत राहतं.

गाडी घेतल्यापासून अकराव्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी सेन्सर बदलला. तीन आठवड्यांनी परत दिवा, या वेळी सॉफ्टवेअर अपडेट. तिसऱ्यांदा गेलो तर अख्खा डीपीएफ बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं, एक लाख ऐंशी हजार, आणि वर वॉरंटीत बसत नाही कारण तुमचा वापर तसा. मी म्हटलं, मग गाडी विकताना मला विचारलं का नाहीत रोज किती चालवणार म्हणून? त्याला उत्तर नव्हतं. आजही तो प्रसंग आठवला की वाईट वाटतं, कारण तो एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागला असता.

मग भांडुपच्या आमच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्कॅनर नंतर काढला, आधी बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत काढली. ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं बोटभर वर. मला वाटलं ऑइल जास्त आहे म्हणजे चांगलंच की. त्यांनी तो थेंब अंगठा आणि बोटात घेऊन चोळला, पाण्यासारखा पातळ, आणि हात माझ्या नाकाशी आणला. म्हणाले, साहेब वास घ्या, यात डिझेल उतरलंय, याच्यावर अजून महिनाभर चालवली असती तर टर्बो आणि बेअरिंग दोन्ही गेली असती. त्या दिवशी ऑइल आणि फिल्टर बदलला आणि सांगितलं की रविवारी पहाटे टाकी भरून शहापूरपर्यंत जायचं, गिअर एक खाली ठेवायचा, आरपीएम दोन हजारांच्या खाली येऊ द्यायचं नाही आणि मध्ये चहाला थांबायचं नाही.

पहाटे साडेपाचला निघालो, भिवंडी बायपासपर्यंत काही नाही, पडघ्याच्या पुढे गाडीतून गरम लोखंडासारखा वास यायला लागला, अ‍ॅव्हरेज एकदम खाली आलं आणि दहा मिनिटांनी दिवा विझला. मी शहापूरला गाडी बाजूला घेऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो. एक लाख ऐंशी हजारांचं काम ऑइल बदलून आणि पहाटेच्या एका फेरीत झालं होतं.

पण पुढे दोन वर्षं दर दुसऱ्या रविवारी हेच करावं लागलं, तुझ्या काकूची सगळी कामं त्यापुढे मागे पडायची. शेवटी गाडी नाशिकच्या एका गृहस्थांना विकली, ते रोज नाशिक-सिन्नर-संगमनेर फिरतात, परवाच फोन झाला, एकदाही दिवा लागला नाही म्हणाले. तीच गाडी, तेच इंजिन.

म्हणून तुला हायब्रिड सांगतोय. मी २०२३ मध्ये हायक्रॉस हायब्रिड घेतली. दोन लिटर पेट्रोल इंजिन आणि मोटर, ट्रॅफिकमध्ये जितकी रखडते तितका वेळ इंजिन बंद राहून मोटरवर सरकते, म्हणजे मुंबईचं जे वाईट तेच हिला मानवतं. आतमध्ये नेहमीचा क्लच नाहीच, प्लॅनेटरी गिअरवर चालते, त्यामुळे क्लच प्लेट जळायचा प्रश्न नाही. कंपनी लिटरला २३.२४ किलोमीटर सांगते, मला मुलुंड-पवई-दादर धरून पंधरा-सोळा मिळतं आणि मी त्यात खूश आहे. हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, तुझ्या वापरात आठ वर्षं आधी येतील.

उणं पण सांगतो. ही पुढच्या चाकांवर चालते, जुनी इनोव्हा क्रिस्टा मागच्या. सात माणसं आणि डिकीत सामान भरून गावातल्या शेवाळलेल्या चढावर गेलीस तर पुढची चाकं फिरतात, आमच्या सासुरवाडीला मला दोन माणसं उतरवून गाडी वर न्यावी लागली. आणि घाटात जोरात दाबलं की इंजिन ओरडतं, डिझेलसारखी सहज ओढ नाही. तुझ्या नवऱ्याला टॉर्क, म्हणजे तीच ओढ, हवीय ते मला कळतं, ती मजा वेगळीच.

दोन कामं शोरूमला जायच्या आधी कर. एक, बाबांना टेप घेऊन पार्किंगमध्ये पाठव. सफारीची रुंदी १९२२ मिलिमीटर, स्कॉर्पिओ-एन १९१७, एक्सयूव्ही७०० ची १८९०, हायक्रॉस १८५० च्या आसपास. तुमच्या त्या जुन्या बिल्डिंगच्या खांबांमध्ये हे सात-आठ सेंटिमीटर म्हणजे दरवाजा उघडणार की नाही हा प्रश्न. स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या लावायची सोय, असेल तर उंची आणि वजनाची मर्यादा सेक्रेटरीकडून लेखी घे, आमच्या सोसायटीत दोघांनी गाडी घेतली आणि आता रस्त्यावर लावतायत.

दुसरं, आईला शोरूममध्ये घेऊन जाच, आणि प्रत्येक गाडीत तीनदा चढायला-उतरायला लाव. पहिल्यांदा माणूस भिडेखातर चढतो, गुडघा बोलतो तो तिसऱ्यांदा. स्कॉर्पिओ-एन शिडीसारख्या सांगाड्याच्या चॅसीवर आहे, उंच आहे, फूटस्टेप असला तरी तिथे त्यांना त्रास होईल असं मला वाटतं. आणि बाबांची मळमळ धरून त्यांना मधल्या रांगेतच बसवा, तिसऱ्या रांगेत मुलं.

— मुलुंडचे काका

* * *

काकांनी छान लिहिलंय, मी फक्त पावसाचं सांगते कारण परदेशातून आलेल्यांना ते नवीन असतं (मी सुद्धा कॅलिफोर्नियाच्या बे एरियातून आलेली, आता परळला सहा वर्षं).

इन्शुरन्स घेताना इंजिन प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन घ्याच घ्या, दोन पैसे वाचवायला ते काढून टाकू नका. हिंदमाताला पाणी भरलेलं असताना आमच्या दिरांची गाडी बंद पडली, त्यांनी घाबरून परत सेल्फ मारला, एअर इनटेकमधून पाणी आधीच सिलिंडरमध्ये गेलेलं, पाणी काही दाबलं जात नाही त्यामुळे कनेक्टिंग रॉडच वाकले. अ‍ॅड-ऑन नव्हतं, क्लेम नाकारला, पूर्ण इंजिनचं काम खिशातून. दोन वर्षांनी माझी गाडी तशीच बंद पडली तेव्हा मी किल्लीला हातच लावला नाही, न्यूट्रल टाकून पोरांनी ढकलत बाहेर काढली, टो करून गॅरेजला, तिथे प्लग काढून आत पाणी आहे का बघितलं, फक्त एअर फिल्टर आणि ऑइलवर भागलं. एसयूव्ही उंच असते म्हणून पाण्यात घालू नका, ती उंची खड्ड्यांसाठी आहे.

आणि उंदीर!! गाडी आठवडाभर उभी राहिली की बॉनेटखाली संसार थाटतात. माझं वायरिंग हार्नेस दोनदा कुरतडलंय, दुसऱ्या वेळी एबीएस, पार्किंग सेन्सर सगळे दिवे एकदम लागले होते. डांबरगोळ्या, तंबाखूची पानं सगळं करून झालं, शेवटी गॅरेजवाल्याकडून खालून बारीक जाळी मारून घेतली, तेव्हापासून शांत आहे. मुलांना गाडीत वेफर्स खाऊ देऊ नका, ते पण एक कारण असतं.

— परळहून

* * *

मी बोरिवलीचा, डिझेलच्या बाजूने दोन शब्द लिहितो नाहीतर एकतर्फी होईल. २००९ ची इनोव्हा, अडीच लिटर डिझेल, ३ लाख १० हजार किलोमीटर, क्लच दोनदा, सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड किती वेळा ते मोजलं नाही कारण मुंबई-गोवा हायवेवर पनवेल ते इंदापूर जे भोगलंय ते त्याच भागांनी भोगलंय, पण इंजिन अजून उघडलेलं नाही. दर दहा हजाराला ऑइल, कधी चुकवलं नाही, सगळी बिलं फाइलला लावलेली. या इंजिनाला डीपीएफ नव्हता हेही खरं. पण ज्याचं रनिंग आहे, दर शनिवारी-रविवारी जो दापोली नाहीतर नाशिक करतो, त्याने आजही डिझेल घ्यावी, त्याला काकांचा त्रास होणार नाही. ताई, तुमच्या मिस्टरांना विचारा, दर आठवड्याला कुठे जाणार आहात का? वर्षातून तीनदा चिपळूण म्हणजे रनिंग नाही.

महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा जास्त पडतो तेही ऑन-रोड किमतीत धरा.

— बोरिवलीहून

* * *

काका, ताई, दादा, तिघांचेही मनापासून आभार. मेल सगळे ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले, डिपस्टिकच्या वासाचं आलं तेव्हा ते गप्पच झाले आणि मग स्वतःच म्हणाले की दर दुसऱ्या रविवारी शहापूर मला नाही जमणार.

बाबांनी काल टेपने मोजलं, फोटो पाठवलाय. खांबाच्या आतल्या कडेपासून भिंतीपर्यंत २३४० मिलिमीटर. हायक्रॉस भिंतीला अगदी चिकटून लावली तरी ड्रायव्हरच्या बाजूला दीड फुटाच्या आसपास उरतात, सफारीला त्याहून तीन बोटं कमी. आई त्यात उतरू शकणार नाही, तिला गेटवरच उतरवून मग गाडी आत घ्यावी लागेल, कुठलीही घेतली तरी. हे इथे बसून कधी सुचलं नसतं.

काका, एक विनंती आहे. आई शोरूमला जायला तयार नाही, म्हणते तिथली मुलं घाई करतात, मला लाज वाटते. रविवारी तुमची गाडी आमच्या गेटपाशी आणाल का? तिला तीनदा चढू-उतरू दे, सावकाश, मी व्हिडिओ कॉलवर असेन.

— एडिसनहून

* * *

रविवारी दहाला येतो. तुझी काकू पण येईल, ती आईला हात देईल. बाबांना सांग खांबापाशी टेप घेऊन उभे राहा, गाडी आत लावूनच बघू.

— मुलुंडचे काका