संत्री फेकतात तो युरोपातला कार्निव्हल: आई आणि मुलाला घेऊन जावे का?

भटकी_मावशी: फेब्रुवारी 2027 मध्ये युरोपात असू. छोट्या गावातला संत्र्यांचा कार्निव्हल बघायचा आहे. सोबत आई (वय 68) आणि आठ वर्षांचा मुलगा. गाव, दिवस, कपडे, मुक्काम याबद्दल जाणकारांनी सांगावे.

पुणेरी_पासपोर्ट: संत्र्यांची गावे दोन आहेत आणि बरेच जण गल्लत करतात. इटलीत तुरिनजवळचे इव्रेआ, तिथे खरीखुरी लढाई होते: घोडागाडीतले विरुद्ध पायी लढणारे नऊ संघ. बेल्जियममधले बँश, तिथे संत्रे म्हणजे प्रसाद. आई आणि मूल असेल तर डोळे झाकून बँश.

2027 मध्ये ऍश वेन्सडे (ख्रिश्चनांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, कार्निव्हल त्याच्या आदल्या दिवशी संपतो) 10 फेब्रुवारीला आहे. म्हणजे मुख्य दिवस रविवार 7 ते मंगळवार 9. (गोव्याचा कार्निव्हलही याच पंचांगावर चालतो, तो शनिवारी सुरू होतो.) लोक सुट्टी बघून रविवारी बँशला जातात आणि हिरमुसून येतात, कारण त्या दिवशी 'झिल' मंडळी (संत्री वाटणारे, या कार्निव्हलचे मुख्य सोंगाडे) वेगळ्याच सोंगात असतात. त्यांचा खरा पोशाख फक्त मंगळवारी.

ढोलताशा_ब्रसेल्स: वरच्यांशी सहमत. मंगळवारचा क्रम असा. पहाटे अंधारातच ढोलवाले एकेका झिलच्या दारात जाऊन त्याला घेऊन निघतात. अंगरख्यात छातीला-पाठीला पेंढा ठासलेला, कमरेला घुंगरांचा पट्टा, पायात लाकडी खडावा, हातात काटक्यांची जुडी. हिरवा चष्मा आणि बारीक मिशा रंगवलेला मेणाचा मुखवटा सकाळीच दिसतो, तोही थोडाच वेळ. तो चुकला की वर्षभराने. म्हणून सकाळी ग्रांप्लास या चौकात, नगरपालिकेसमोर थांबा. शहामृगाच्या पिसांचे उंच टोप दुपारच्या मिरवणुकीत, साधारण तीननंतर, संत्रीही तेव्हाच. रात्री चौकात रिंगण आणि आतषबाजी.

संत्रे झेलायचे, खायचे किंवा पिशवीत टाकायचे. परत फेकायचे नाही! तो सरळसरळ अपमान समजतात. मुलाला हे आधीच बजावा, कारण हातात चेंडूसारखे काही आले की मुले फेकणारच. झिल तुमच्याकडे बघून अलगद टाकतो ते सोपे असते. लागते ते मागच्या रांगेसाठी लांब भिरकावलेले. दुकानांच्या काचांना जाळ्या ठोकतात ते काही हौसेने नाही. आईंना भिंतीलगत उभे करा, चष्म्याला दोरी लावा, मोबाइल समोर धरून चित्रीकरण करत राहू नका.

पुणेरी_पासपोर्ट: मुक्काम गावात मिळेल या भरवशावर राहू नका. जवळच्या मोन्स किंवा ला लुव्हिएर या गावांत, नाहीतर ब्रसेल्समध्ये राहा. ब्रसेल्सहून रेल्वेने साधारण तासभर, कधी ला लुव्हिएरला गाडी बदलावी लागते. रात्रीच्या शेवटच्या गाडीची वेळ निघण्यापूर्वीच बघून ठेवा; आतषबाजीनंतर फलाटावर चेंगराचेंगरी असते, आईंसाठी त्याआधीची गाडी बरी.

थंडी शून्य ते सात अंश, वर रिपरिप. छत्री गर्दीत कुचकामी, टोपीचा रेनकोट घ्या. दगडी फरशीवर संत्र्याच्या साली पडतात, तळ चांगला पकड घेणारा हवा. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी ठेवा.

आल्प्स_आजोबा: इव्रेआची हौस असेलच तर एकट्याने जा. लाल टोपी घातली की 'आम्ही लढत नाही' असा अर्थ होतो, पण तिच्यावर मुद्दाम मारत नाहीत एवढेच. चुकलेले संत्रे टोपी बघत नाही. जाळीच्या मागे राहा. रस्त्यावर लगदा आणि घोड्यांची लीद एकत्र कालवलेली असते, गमबूटच लागतात. रविवारी आत जायला तिकीट असते.

भटकी_मावशी: बँशच. व्हिसाचे?

ढोलताशा_ब्रसेल्स: शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. तुमची सर्वांत जास्त रात्रींची वस्ती ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज. बेल्जियममध्ये दोनच रात्री असतील तर बेल्जियमकडे नको. विमा किमान 30,000 युरोचा. आईंच्या वयाला हप्ता वेगळा पडेल.