मदत हवी आहे: सी/जी जनुकबदलाचा धागा कसा ठरवायचा?

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात जेनेटिक्समध्ये एम.एस्सी. करतेय. प्रबंधाचा विषय: शिस्टोसोमा कृमीची लागण झालेल्यांपैकी थोड्यांच्याच यकृतात गंभीर फायब्रोसिस (चट्टे पडून ऊतक घट्ट होणं) का होतो? अंडी पोर्टल शिरेच्या बारीक फाट्यांत अडकतात, आयएल-१३ या प्रतिकारशक्तीच्या संदेशक प्रथिनामुळे भोवती कोलॅजन साचतं, इंटरफेरॉन गॅमा हे तसंच दुसरं प्रथिन त्याला आवर घालतं. १९९९ च्या सुदानमधल्या अभ्यासातला दुवाही ६ व्या गुणसूत्रावर, इंटरफेरॉन गॅमाच्या रिसेप्टर-जनुकाजवळच निघाला होता.

नमुने गोळा करणं शक्य नाही. (रत्नागिरीतलं गिमवी कोणी सुचवेल, पण तिथला आजार मूत्रमार्गाचा होता.) म्हणून छापील जीनोटाइपचे (कोणात कोणती अक्षरजोडी आहे त्याचे) आकडे एकत्र करतेय आणि तिथेच अडलेय. एका सी/जी बदलात (डीएनएच्या एकाच जागी काहींत सी, काहींत जी) धोक्याचं अक्षर एका निबंधात सी, दुसऱ्यात जी. दुसऱ्यात डीएनएचा कुठला धागा वाचला ते लिहिलेलंच नाही, आणि सी-जी एकमेकांचे पूरक, त्यामुळे अक्षरावरून काही कळत नाही. लेखकांना दोनदा ईमेल केली, उत्तर नाही. जवळच्या लोकसमूहातली या अक्षरांची वारंवारता ताडून पाहिली, तर ती निम्म्याच्या आसपास. हार्डी-वाइनबर्ग चाचणी (जीनोटाइपचं प्रमाण अपेक्षेप्रमाणे आहे का ते पाहणारी) तर अक्षरं उलटली तरी तेच उत्तर देते.

त्या दुसऱ्या निबंधात शेजारच्या ए/जी बदलासोबतच्या हॅप्लोटाइपची (एकाच गुणसूत्रावर एकत्र येणाऱ्या अक्षरांच्या जोडीची) टक्केवारी छापली आहे. मूळ डेटा नाही, आर (संख्याशास्त्राची संगणकभाषा) वापरता येतं, तीन आठवड्यांत प्रबंध द्यायचाय.

नुसत्या त्या टक्केवारीवरून, लिंकेजच्या (शेजारचे बदल एकत्रच वारशाने येण्याच्या) आधारे, धागा खात्रीने ठरवता येईल का, की हा निबंध वगळूनच विश्लेषण करावं?