[मंडळ-गप्पा] डिसेंबरात बेळगावला वारा असतो का? (आणि परत गेल्यावर बर्फ?)

प्रेषक: शहापूर, सध्या सुट्टीवर

नमस्कार मंडळी,

मंडळातले निम्मे लोक या सुट्टीत बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यातच आहेत असं दिसतंय, म्हणून इथेच विचारतो. सामानातून काइटसर्फिंगचा (पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळीवरून घसरायचा) काइट आणि बोर्ड घेऊन आलोय. तिकडे अमेरिकेत, ओरेगनच्या हूड रिव्हरला उन्हाळाभर कोलंबिया नदीवर असतो आणि हिवाळ्यात माउंट हूडवर स्की. इथे नुसती लग्नं आणि जेवणं चाललीयेत, अंगाला गंज चढायला लागला.

फोनवरचं ॲप रोज बेळगावला ‘वारा १२’ दाखवतं. पण पहाटे गच्चीवर जावं तर दोरीवरचं धोतर हलत नाही, आणि अकराला जावं तर तेच धोतर शेजाऱ्यांच्या पत्र्यावर. हिडकलला किंवा राकसकोपला पाण्यावर काही जमेल का? की सरळ गोवा? घाटाच्या कड्यावरून पॅराग्लायडिंग कोणी केलंय का?

दुसरं म्हणजे, परत गेल्या गेल्या एक शनिवार टिंबरलाइनला (माउंट हूडवरची स्कीची जागा) काढायचाय. तिकडे थांबलेल्यांनी बर्फाचा अंदाज कळवावा.

आई म्हणते, पतंगच उडवायचा तर संक्रांतीपर्यंत थांब, सगळं बेळगाव उडवतं.

प्रेषक: टिळकवाडी (सर)

अरे, ॲपचे १२ म्हणजे किलोमीटर की नॉट, ते आधी बघ. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. तुझे १२ किलोमीटरचे असतील तर झाले साडेसहा नॉट. तेवढ्यावर तुझा काइट जमिनीवरच लोळणार.

आता धोतराचं. डिसेंबरात आपलं आकाश निरभ्र असतं, रात्रभर जमीन आपली उष्णता वर सोडत राहते. जमिनीला टेकलेली हवा गार होऊन जड होते आणि तिच्यावर त्यातल्या त्यात उबदार हवेचा थर बसतो. पहाटे सांबऱ्याच्या बाजूला गेलास तर गुऱ्हाळाचा धूर थोडा वर जाऊन एकदम आडवा पसरलेला दिसेल. तो जिथे आडवा होतो तिथे हा थर. त्याच्या वर पूर्वेचा वारा रात्रभर चालू असतो, खाली पानही हलत नाही. ऊन चढलं, जमीन तापली, की साडेनऊ-दहाच्या सुमारास थर फुटतो आणि वरचा वारा एकदम खाली येतो. तो सरळ, सलग येत नाही. खालून तापलेली हवा वर जात असते, तिच्यात मिसळून धक्के देत येतो. सूर्य कलला की पुन्हा सामसूम.

ॲपला हे तपशील का कळत नाहीत? हवामानाचं संगणकी मॉडेल सगळा मुलूख चौकोनांत वाटतं, ॲप त्या चौकोनाचा आकडा दाखवतं. युरोपच्या जागतिक मॉडेलचा चौकोन ९ किलोमीटरचा आहे, आपल्या हवामान खात्याने मे २०२५ मध्ये आणलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’चा ६ किलोमीटरचा. सपाटीवर हे पुरेसं आहे. पण इथून जांबोटीकडे गेलं की अर्ध्या-पाऊण तासात माळ संपून दाट जंगल आणि दऱ्या लागतात. तिथे एका चौकोनात टेकडी, ओढा आणि कडा तिन्ही येतात आणि त्यांची सरासरी तुझ्या हातात पडते.

त्यापेक्षा सांबरा विमानतळाचा मेटार (विमानांसाठीचा हवामान-अहवाल) बघायची सवय लाव. वाऱ्याच्या गटातले पहिले तीन आकडे दिशा (०९० म्हणजे पूर्व), पुढचे दोन वेग, तोही नॉटमध्ये. तो अंदाज नाही, उपकरणाने त्या घटकेला मोजलेला वारा आहे. सकाळी सात, दहा आणि दुपारी दोनचा वाचलास की दिवसाची चाल कळते.

राकसकोपचं नाव काढू नको, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. हिडकलला परवानगीशिवाय उतरता येणार नाही, आणि भोवतीच्या डोंगरांमुळे वारा तुटक येतो.

प्रेषक: कडोली

सर बोलले ते आमच्या खळ्यावर लहानपणी रोज बघितलो की. भाताची मळणी झाली की आजोबा सुपं काढून ठेवायचे, पण सकाळी हात लावू द्यायचे नाहीत. “दहा वाजू दे, वारं खाली येऊ दे” म्हणायचे. मग पूर्वेकडं पाठ करून उपणायला उभं. भूस पश्चिमेला, भात पायाजवळ. आता मशीन आलं, वाऱ्याची वाट कोण बघतंय.

एक राहिलं सर. बंगालच्या उपसागरात काही तयार झालं की हे सगळं बिघडतंय. ढग येतात, रात्रीची थंडी जाते आणि हरभऱ्यावर घाटे अळी. तेव्हा सकाळचा तो थरपण नसतो. काय उडवूलालास ते उडव रे, पण ढगाळ असलं तर माझ्याकडं ये, फवारणीला माणूस पाहिजे.

प्रेषक: निपाणी

घाटाच्या कड्यावरून उडायचं म्हणणाऱ्याला आधी कोणीतरी धरून बसवा.

मी कामशेतला शिकले, त्यामुळे थोडं अधिकाराने बोलते. कामशेतचा हंगाम ऑक्टोबर ते मे असतो, तिथे वाऱ्याच्या दिशेप्रमाणे टेकडी निवडतात. नियम एकच: वारा समोरून चढाला लागला पाहिजे. तो चढावर आपटून वर जातो आणि आपल्याला उचलतो. आता आपला सह्याद्री बघ. कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे आणि डिसेंबरात सकाळचा वारा पूर्वेचा. म्हणजे आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या कड्यावर तू उभा राहशील तेव्हा वारा तुझ्या पाठीमागून येऊन कड्याखाली कोसळत असेल. त्या बाजूला जे भोवरे तयार होतात त्यांना पायलट रोटर म्हणतात. कड्यावर उभं राहून मंद झुळूक लागते, म्हणून लोक फसतात; पन्नास मीटर पुढे गेलं की पंख मिटतो. खाली जंगल, उतरायला मैदान नाही. दुपारी कोकणातून वारा वर यायला लागतो तेव्हा दिशा फिरते खरी, पण पूर्वेचा आणि पश्चिमेचा नेमका कुठे भिडेल हे सांगता येत नाही. तिथल्या हवेशी माझं भांडण नाही, मी तिथे फक्त भजी खाते. उडायचं असेल तर कामशेतला जा, प्रशिक्षकाबरोबर.

जाता जाता: माझा भाचा नाताळात गुलमर्गला स्कीसाठी निघालाय, कारण “थंडी म्हटलं की बर्फ”. तिथे चिल्लई कलान २१ डिसेंबरला सुरू होतं, चाळीस दिवस कडाक्याची थंडी, पण बर्फ पडायला भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी विक्षोभ लागतो. तो आला नाही तर नुसती कोरडी थंडी. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या उतारांवर गवत दिसत होतं, आणि २०२५ ला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलल्या. भाच्याला म्हटलं, तिकीट फेब्रुवारीचं काढ आणि परत करता येणारं काढ. ऐकत नाही.

प्रेषक: खानापूर, मुक्काम हूड रिव्हर

सगळे हुरडा खाताय आणि मी इथे राखाडी ढगाखाली बसलोय. असो. टिंबरलाइनचं सांगतो.

नक्की तारखेचा अंदाज आज देण्यात अर्थ नाही, पाचव्या दिवसापलीकडे डोंगरावरचा आकडा मी धरत नाही. पण कसं वाचायचं ते सांगतो, तिथूनच बघ.

लोक पहिल्यांदा ‘किती इंच’ बघतात. मी आधी स्नो लेव्हल बघतो, म्हणजे कुठल्या उंचीच्या वर बर्फ आणि खाली पाऊस. शून्य अंशाची पातळी दिलेली असली तर त्यातून साधारण ३०० मीटर वजा कर, कारण पडता पडता बर्फ वितळायला तेवढं अंतर लागतं. गव्हर्नमेंट कॅम्प गाव सुमारे १,२०० मीटरवर, टिंबरलाइन लॉज सुमारे १,८००. स्नो लेव्हल १,५०० आली तर गावात चिखल आणि लॉजवर ओला, जड बर्फ. ९०० च्या खाली आली तर रजा टाक. आणि हवाईकडून ओलाव्याचा पट्टा आला, ज्याला इथे पाइनॲपल एक्स्प्रेस म्हणतात, तर ती २,००० च्याही वर जाते आणि साठलेल्या बर्फावर धो धो पाऊस पडतो. त्या दिवशी घरी पिठलं-भाकरी.

दुसरं, वारा. हिवाळ्यात कॅस्केड डोंगररांगेच्या पूर्वेच्या खोलगट मुलखात थंड हवा साचते, तिकडे दाब वाढतो. पॅसिफिकवर कमी दाब आला की ती हवा गॉर्जमधून, म्हणजे कोलंबिया नदीच्या खोल दरीतून, पश्चिमेला धावते. द डॅल्स (गॉर्जच्या पूर्वेला) आणि ट्राउटडेल (पश्चिमेला) या दोन ठिकाणच्या दाबातला फरक बघायचा. तो १० मिलिबारकडे गेला की गॉर्जमधल्या क्राउन पॉइंटच्या कड्यावर गाडीचं दार उघडताना दोन हात लावावे लागतात. रूस्टर रॉकला आणि स्टीव्हनसनला त्या वाऱ्यावर ड्रायसूट घालून उतरणारे वेडे आहेत, तू त्यातलाच. फक्त एवढं बघ: खाली ही गार हवा असताना वरून समुद्राची उबदार ओली हवा सरकली, की पडतो तो गोठणारा पाऊस. रस्त्यावर काच चढते, आय-८४ महामार्ग बंद होतो. डोंगरावर छान बर्फ असूनही तिथे पोचता येत नाही.

तिसरं, निपाणीच्या काकूंनी वाऱ्याच्या पाठीमागची बाजू सांगितली ती इथे बर्फालाही लागू. वारा समोरच्या उतारावरचा बर्फ खरवडून पलीकडच्या उतारावर नेऊन टाकतो. ती लादी दिसते गुळगुळीत, सुंदर. खाली काही धरून नसतं. स्की एरियाच्या दोरीच्या आत गस्त असते, बाहेर जायचं तर नॉर्थवेस्ट ॲव्हलांच (हिमस्खलन) सेंटरचं पत्रक वाचल्याशिवाय नाही. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, तिसरीला मी परत फिरतो. हे माझं, प्रत्येकाचं वेगळं.

एक गंमत मात्र तुला आवडेल. असा पूर्वेचा वारा आणि खाली साचलेली थंडी असते तेव्हा हूड रिव्हर ढगात गारठलेलं असतं आणि वर टिंबरलाइनला लख्ख ऊन, कधी कधी गावापेक्षा जास्त उबदार. सरांचा गुऱ्हाळाचा थर, फक्त जाडजूड.

प्रेषक: टिळकवाडी (सर)

खानापूरने चांगलं मांडलं. मुलीकडे राहायला गेलो होतो तेव्हा क्राउन पॉइंटचं ते १९१८ चं व्हिस्टा हाउस बघायला गेलो होतो, टोपी गेली ती गेलीच.

तेव्हापासून मनात होतं ते लिहितो. तिथे उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा, हिवाळ्यात पूर्वेचा, इथेही तसंच. डोंगराची रांगही दोन्हीकडे उत्तर-दक्षिण, पश्चिमेला समुद्र. मग तिथे जगभरातले लोक वाऱ्यासाठी येतात आणि बेळगावला शहापूरचं धोतर फक्त शेजारी जातं, असं का? कारण कोलंबिया नदीने कॅस्केड रांग जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत कापली आहे. साचलेल्या जड हवेला बाहेर पडायला एकच दरवाजा, म्हणून तिथे ती जोर धरते. आपल्याकडे मलप्रभा आणि घटप्रभा पूर्वेला वाहतात, कडा कापून जात नाहीत. म्हादई कापते, पण अरुंद, वेडीवाकडी. त्यामुळे आपला पूर्वेचा वारा साडेसातशे मीटरच्या पठारावरून शेकडो ठिकाणी पातळ होऊन कोकणात सांडतो. सह्याद्रीत खरा दरवाजा पार खाली, पालघाटला: सुमारे ३० किलोमीटर रुंद आणि साधारण दीडशे मीटर उंच. डिसेंबर-जानेवारीत पालक्काडला पूर्वेचा वारा दिवसेंदिवस घोंघावत असतो. बेळगावला तो मिळणार नाही, कितीही ॲपं बदललीस तरी.

म्हणून पाण्यावर जायचं तर गोवा. मोरजी-अश्वेकडे दुपारी वायव्येचा समुद्री वारा येतो. डिसेंबरात सकाळचा पूर्वेचा वारा त्याला अडवून धरतो, त्यामुळे तो उशिरा आणि हलका. खरा जोर फेब्रुवारीनंतर. तीन ते पाच ही वेळ धर आणि तुझ्याकडचा सगळ्यात मोठा काइट ने.

प्रेषक: यादी सांभाळणारे

हुरड्याचे फोटो यादीवर टाकू नयेत, पेट्या भरतात. हवामानाचा धागा चालू ठेवा.

प्रेषक: शहापूर, सध्या सुट्टीवर

सर, ॲपचे १२ किलोमीटरच निघाले. सांब्र्याचा मेटार आता आईसुद्धा विचारते, पापड वाळत घालायच्या आधी.

ठरलं: गुरुवारी गोवा, चोर्ल्यातून. कामशेत पुढच्या सुट्टीत, काकूंच्या ओळखीने. टिंबरलाइनचं निघायच्या चार दिवस आधी खानापूरला विचारीन. गाडीत दोन जागा आहेत.

प्रेषक: कडोली

एक जागा मला. बोर्ड किती लांब? माझ्या गाडीला वर कॅरिअर आहे, तीच काढू. पहाटे नको, चोर्ल्यात धुकं असतंय. साडेआठला निघालं तरी सव्वाशे किलोमीटर, वारं यायच्या आत जेवून होतंय.

प्रेषक: शहापूर, सध्या सुट्टीवर

१४० सेंटीमीटर. डिकीत तिरकं बसतं. साडेआठला गोवावेसला उभा राहतो.