मदत हवी आहे: जर्मन शेफर्डचे जुलाब आणि टीएलआय चाचणी

नमस्कार. आमचा जर्मन शेफर्ड, नर, अडीच वर्षांचा, सातारा. दिवाळीपासून शी पातळ, पिवळट, तेलकट आणि प्रमाणाबाहेर जास्त. भूक मात्र प्रचंड. सारखा खातो, तरी वजन 31 किलोवरून 25 वर आलंय, बरगड्या दिसतात. बघवत नाही. स्वतःची शीही खायला जातो. उलटी, ताप, रक्त नाही. लसी पूर्ण.

जंताचं औषध, मेट्रोनिडाझोल (अँटिबायोटिक), प्रोबायोटिक, दहीभात, उकडलेलं चिकन सगळं करून झालं. गोळ्या चालू असेपर्यंत जरा बरं, मग पुन्हा तेच. शीच्या तपासणीत जंत किंवा जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) नाही.

डॉक्टरांना वाटतंय की स्वादुपिंडातून पाचक रस पुरेसे येत नाहीत (ईपीआय, या जातीत जास्त दिसतो). खात्रीसाठी उपाशीपोटी रक्ताची टीएलआय चाचणी हवी (स्वादुपिंड पाचक रस पुरेसे बनवतंय का ते त्यातून कळतं), सोबत बी-12 जीवनसत्त्वाची. माणसांची चाचणी कुत्र्याला चालत नाही आणि इथे सोय नाही. लांबचा प्रवास त्याला सध्या झेपणार नाही, नमुनाच पाठवावा लागेल.

पुण्या-मुंबईत कुत्र्यांची टीएलआय कुठे होते, नमुना कसा पाठवायचा? आणि ज्यांच्या कुत्र्याला ईपीआय आहे, ते पॅनक्रियाटिन (बाहेरून द्यायचे पाचक रस) कोणत्या स्वरूपात देतात: पावडर, की माणसांच्या कॅप्सूल फोडून?